वर्गणी बायकांची, व्यासपीठ पुरुषांचे



एखाद्या संघटनेचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर तिच्या उद्दिष्टांचे पान आधी वाचू नये. घटनेतील सभासदत्वाचे कलम आणि खजिनदाराची वही ही दोन शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पैसा कोण देतो आणि हात वर करण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढे कळले म्हणजे बाकीचे बरेचसे आपोआप कळते. आयुष्य युनियनच्या कचेरीत गेलेल्या माणसाला ही खोड लागतेच. आजचा इतिहास धर्माचा आहे, आणि बहुतांशी परदेशातला आहे. पण मला तो समजला तो याच दोन कागदांच्या आधाराने.

प्रश्न असा: ख्रिस्ती मंडळीची पाळक स्त्री असू शकते काय? मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेसाठी जमणारा समाज. पाळक म्हणजे त्या समाजाला उपदेश करणारा, बाप्तिस्मा देणारा, प्रभुभोजनाचा विधी चालविणारा, लग्ने लावणारा आणि मृताला मूठमाती देणारा माणूस. रोमन कॅथलिक पंथाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच नकारार्थी दिले आहे आणि तेथे सभेत मतदान होत नाही. म्हणून तो पंथ मी बाजूला ठेवतो. मला बोलावयाचे आहे ते इव्हँजेलिकल म्हणविणाऱ्या प्रोटेस्टंट पंथांविषयी. पोपही नको, परंपराही नको. बायबल हेच प्रमाण, प्रत्येकाने ते स्वतः वाचावे आणि स्वतः पश्चात्ताप करून श्रद्धा धरावी, असे हे लोक मानतात. जेथे प्रत्येकाला वाचण्याचा अधिकार आहे तेथे वाद होणारच. दुसऱ्याच्या घरात डोकावताना चपला बाहेर काढून ठेवाव्यात, ही रीत मी पाळणार आहे. पण डोळे बाहेर काढून ठेवण्याची रीत कोठेच नाही.

वादाचे मूळ थोड्याच वचनांत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये, अशा आशयाची आज्ञा आहे, आणि तिचे कारण म्हणून आदाम आधी निर्माण झाला, हव्वा मागून, असे दिले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे आहे. या दोन जागांवर एका पक्षाचा किल्ला उभा आहे. दुसरा पक्ष गलतीकरांस पत्रातील तिसरा अध्याय पुढे करतो: ख्रिस्तात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. शिवाय रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलाने ज्यांना नमस्कार कळविले त्यांची यादी तो उघडून दाखवितो. तीत फिबी आहे, तिला जो ग्रीक शब्द लावला तोच पुरुषांना लावला की भाषांतरकार ‘सेवक’ हा हुद्दा समजतात आणि तिला लावला की नुसती चाकरी समजतात. तीत प्रिस्किल्ला आहे. तिने नवऱ्याबरोबर अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याला शिकविल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. आणि तीत युनिया आहे. प्रेषितांमध्ये नामांकित म्हणून तिचा उल्लेख आहे. ही बाई पुढे काही शतके पुस्तकांत पुरुष होऊन वावरली, कारण प्रेषितांमध्ये बाई असेल ही कल्पनाच वाचणाऱ्यांना झेपेना! नावाला एक अक्षर जोडून तिचा युनियास केला. हजेरीपटावर नाव बदलून हक्काची रजा बुडविण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. हा त्याच जातीचा, फक्त फार जुना.

मला ग्रीक येत नाही. परंतु तीमथ्याच्या पत्रातील ‘अधिकार गाजविणे’ या अर्थाचा मूळ शब्द साऱ्या नव्या करारात त्या एकाच ठिकाणी आला आहे, हे दोन्ही पक्षांचे पंडित मान्य करतात. त्याचा अर्थ साधा अधिकार चालविणे की दंडेली करणे, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. एकदाच आलेल्या शब्दावर अर्ध्या मानवजातीचे व्यासपीठ बंद करावे काय, असे एक पक्ष विचारतो. वचनाला कारण सृष्टीच्या आरंभाचे दिले आहे, ते काही त्या गावापुरते किंवा त्या काळापुरते नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. आणि हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्यांना बायबल शब्दशः प्रमाण आहे त्यांची ती खरी अडचण आहे. त्यांच्यात स्त्रियाही पुष्कळ आहेत, हेही विसरून चालणार नाही.

व्यासपीठाची पायरी प्रथम चढली ती अमेरिकेत अँटॉइनेट ब्राउन. ओबर्लिन कॉलेजात तिने धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम १८५० साली पुरा केला, पण कॉलेजाने तिला पदवी दिली नाही. वर्गात बसू दिले हेच उपकार. १५ सप्टेंबर १८५३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथ बटलर या खेड्यातल्या काँग्रिगेशनल मंडळीने तिला पाळकपदाची दीक्षा दिली. प्रवचन ल्यूथर ली नावाच्या वेस्लेयन मेथडिस्ट पाळकाने केले, आणि आधारासाठी गलतीकरांस पत्रातील तेच वचन घेतले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला हा माणूस, तेव्हा ‘दास आणि स्वतंत्र’ हे शब्द त्याला आधीपासून पाठ होतेच. अँटॉइनेटचे पाळकपण वर्षभरही टिकले नाही. पुढे ती युनिटेरियन झाली. ती दीर्घायुषी निघाली. १९२० साली अमेरिकन स्त्रियांना मत मिळाले तेव्हा ते देऊन १९२१ मध्ये वारली. आपल्या अहमदनगरात ज्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा आणि मंडळ्या काढल्या ते मिशनही मुख्यत्वे याच काँग्रिगेशनल पंथाचे. तेथे गावोगाव, घरोघर जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्या ज्या स्त्रिया होत्या त्यांना मिशनच्या कागदांत ‘बायबल वुमन’ म्हणत. काम उपदेशाचेच, हुद्दा मात्र निराळा, आणि पगार अर्थातच हुद्द्याप्रमाणे.

इंग्लंडात हा वाद एका पुस्तिकेने पेटला. फीबी पामर नावाची अमेरिकन मेथडिस्ट बाई १८५९ साली उत्तर इंग्लंडात सभा घेत होती. संडरलंडच्या एका पाळकाने तिच्याविरुद्ध पत्रक काढले. त्याला उत्तर दिले कॅथरिन बूथने, तेव्हा तीस वर्षांची, तीन मुलांची आई, शाळेत फारशी न गेलेली. बायबलातील एकेक वचन घेऊन तिने स्त्रीच्या उपदेशाची बाजू मांडली, आणि पुढच्याच वर्षी गेट्सहेडच्या चॅपेलात ती स्वतः बोलावयास उभी राहिली. लेख आधी आणि भाषण मागून, हा क्रम मला फार आवडतो. नवऱ्याबरोबर तिने १८६५ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये काम सुरू केले. १८७८ मध्ये त्याचेच नाव साल्व्हेशन आर्मी झाले. या मुक्तिफौजेत स्त्रीला पुरुषासारखाच हुद्दा मिळे, कॅप्टन म्हणजे कॅप्टन. १८८८ साली ब्रायंट अँड मेच्या आगपेटी कारखान्यातील मुलींनी संप केला तो याच वस्तीत. पिवळ्या फॉस्फरसने त्यांचे जबडे कुजत. १८९१ साली मुक्तिफौजेने ओल्ड फोर्डला तांबड्या, बिनविषारी फॉस्फरसचा आगपेटीचा कारखाना काढला. धर्मोपदेशावर न थांबता कारखाना काढून दाखविणाऱ्या लोकांविषयी आम्हां कामगारवाल्यांना आदर वाटतोच. मात्र वही तपासायचीच म्हटली तर हेही सांगितले पाहिजे, की या समतेच्या फौजेत विवाहित स्त्री-अधिकाऱ्याचा भत्ता बराच काळ नवऱ्याच्या नावाने निघत असे.

ही फौज मुंबईत उतरली ती १९ सप्टेंबर १८८२ रोजी. चार माणसे, त्यांत मेरी थॉम्पसन ही एक स्त्री. पुढारी फ्रेडरिक टकर; पंजाबातील सनदी नोकरी सोडून आलेला आणि फकीर सिंग नाव घेऊन एतद्देशीय वेषात वावरणारा. मुंबईच्या रस्त्यांतून वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडले, खटले झाले, टकर तुरुंगातही गेला. गोऱ्यांनी रस्त्यावर मिरवावे आणि गोऱ्यांनीच त्यांना पकडावे, हे दृश्य मुंबईकरांनी मोठ्या कौतुकाने पाहिले असेल. १९३४ साली या फौजेच्या जागतिक प्रमुखपदी, म्हणजे जनरलच्या पदावर, कॅथरिनची मुलगी इव्हँजेलिन बूथ निवडून आली. नगरच्या बूथ हॉस्पिटलवर जे नाव आहे ते हिचे.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण केल्याखेरीज पुढे जाता येत नाही, कारण हा वाद त्यांच्या अंगावर प्रत्यक्ष आला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या राहिल्या, आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना त्यांनी भाषा शिकवाव्यात अशी सूचना निघाली. तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवावे हे बरे दिसणार नाही आणि तिच्या हिंदुस्थानातील कामालाही बाधक होईल, असा त्यांचा अभिप्राय. ही १८८५ सालची गोष्ट. बाईंनी दिलेले उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. माझ्या आईने तरुणांना शिकविले, मी शिकविले. त्यावर माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, आणि आता येथे ती घेतली जाते याचे मला आश्चर्य वाटते, असा त्याचा मथितार्थ. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविले म्हणून सनातन्यांचा रोष पत्करला, आणि त्यांच्या मुलीला सुधारलेल्या इंग्लंडात बिशप सांगतात की पुरुषांना शिकवू नकोस! या बाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभारले. तेथे १९०५ साली धार्मिक जागृतीची मोठी लाट आली आणि मुलींचे प्रार्थनागट आसपासच्या गावांत जाऊ लागले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सारे बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल केडगावच्या छापखान्यात, तेथल्याच मुलींच्या हातांनी खिळे जुळवून छापले गेले आणि १९२४ साली पुरे बाहेर पडले. ज्या वचनांच्या आधारे बाईने शिकवू नये असे सांगतात, तीही त्यात एका बाईनेच मराठी केली आहेत.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. अमेरिकेतील प्रोटेस्टंटांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. आज तिचे सभासद सव्वा कोटीच्या आसपास आहेत. २००६ च्या सुमारास ते १ कोटी ६० लाखांवर होते. १८४५ साली जॉर्जियातील ऑगस्टा येथे तिची स्थापना झाली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही यावर उत्तर आणि दक्षिणेकडील बॅप्टिस्टांचे फाटले, आणि पाठवावे म्हणणारे वेगळे निघाले. त्याही वेळी आधार बायबलाचाच होता: दासांनी धन्याची आज्ञा पाळावी. या पापाबद्दल संघटनेने १९९५ साली, दीडशे वर्षांनी, ठराव करून क्षमा मागितली.

बॅप्टिस्टांची रचना आपल्याला चटकन समजावी अशी आहे. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. इमारत तिची, पैसा तिचा, पाळक तीच निवडते. वरून कोणी बिशप नेमून येत नाही. या स्वतंत्र मंडळ्यांनी मिशन, विद्यालये आणि प्रकाशन चालविण्यासाठी एकत्र येऊन केलेले फेडरेशन म्हणजे कन्व्हेन्शन. दरवर्षी जूनमध्ये मंडळ्यांनी पाठविलेले प्रतिनिधी जमतात. त्यांना ‘मेसेंजर’ म्हणतात, प्रतिनिधी म्हणत नाहीत, कारण ते मंडळीला बांधून घेणारा निर्णय करीत नाहीत असे तत्त्व आहे. पण फेडरेशनला एक अधिकार उरतोच: कोणाला संलग्न मानावे आणि कोणाला मानू नये. ज्याने संघटनेत दोन वर्षे काढली असतील त्याला पुढची गोष्ट येथेच दिसू लागेल.

१८८५ साली याच ऑगस्टा शहरी भरलेल्या वार्षिक सभेला आर्कान्सातून दोन स्त्रिया मेसेंजर म्हणून आल्या. घटनेत शब्द होता ‘सभासद’. तो त्यांना लागू होत होता, तेव्हा त्यांना रोखण्यास आधार नव्हता. सभेने काय केले? घटना दुरुस्त केली. ‘सभासद’ काढून ‘बंधू’ हा शब्द घातला. एका शब्दाने काम झाले. हा शब्द पुढे तेहतीस वर्षे राहिला. १९१८ साली हॉट स्प्रिंग्ज येथे तो निघाला तेव्हा अमेरिकन स्त्रियांना राष्ट्राच्या निवडणुकीत मत मिळायला अवघी दोन वर्षे उरली होती.

दरम्यान खजिना कोण भरीत होते ते पाहा. व्हर्जिनियाची लॉटी मून १८७३ साली चीनला गेली. १८६१ मध्ये एम. ए. झालेली, पाच फुटांहूनही बरीच ठेंगणी, जिभेची तिखट. तिला नेमले होते मुलींच्या शाळेसाठी. पण शांतुंग प्रांतात पिंगटूच्या खेड्यांत ती बायकांना शिकवू लागली की पुरुषही येऊन ऐकत. तिचा काय इलाज? कान काही तिने आणले नव्हते. बाप्तिस्मा देण्यासाठी मात्र पुरुष मिशनऱ्याला बोलवावे लागे. मिशनच्या कामात स्त्रीला संपूर्ण समान वागणूक हवी, हे तिने १८८३ साली छापून मागितले. हाताखाली माणसे नाहीत, वर्षानुवर्षे रजा नाही, अशी तिची पत्रे घरी येत. तिच्या सूचनेवरून मायदेशीच्या स्त्रियांनी नाताळच्या सुमारास वर्गणी काढण्याचे ठरविले.

या स्त्रियांनी १४ मे १८८८ रोजी रिचमंडमध्ये आपला मिशनरी संघ स्थापला. स्थळ मोठे बोलके आहे. पुरुषांचे कन्व्हेन्शन शहरात थाटाने भरले होते. त्यात बायकांना जागा नाही. म्हणून बॅप्टिस्ट स्त्रियांची ही सभा भरली एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात. पहिली चिटणीस ॲनी आर्मस्ट्राँग हिने १९०६ पर्यंत काम केले आणि पगार घेतला नाही. लॉटी मूनच्या मदतीला दोन स्त्रिया पाठवाव्यात म्हणून पहिल्या वर्षी २,००० डॉलर जमविण्याचे ठरले. जमले ३,३१५, आणि दोनाऐवजी तीन गेल्या. कन्व्हेन्शनच्या परदेशी मिशनवर कर्ज असे, ते फेडण्यासाठीही याच बायकांकडे हात पसरले जात. पैसा आला तो अंडी विकून, शिवण करून, घरखर्चातून वाचवून. लॉटी मून १९१२ साली नाताळच्या आदल्या दिवशी, मायदेशी परतताना, कोबे बंदरात बोटीवर वारली. १९१८ पासून ही नाताळची वर्गणी तिच्या नावाने निघते. आजही दर नाताळाला ती जमते. अलीकडच्या वर्षांत तिचा आकडा २० कोटी डॉलरांच्या वर गेला आहे. म्हणजे जगातील या सर्वांत मोठ्या मिशनांपैकी एकाच्या खजिन्याचा मोठा भाग अशा स्त्रीच्या नावावर उभा आहे, जिला तिच्या हयातीत त्या संघटनेच्या सभेत बसण्याचाही हक्क नव्हता.

याला आपण हसण्याचे कारण नाही. विडी कामगारांच्या युनियनांत सभासद बहुतेक बायका आणि टेबलामागच्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष, हे चित्र महाराष्ट्रात कोणाला अनोळखी आहे? मुक्ताबाई-जनाबाईंचे अभंग गाणाऱ्या आपल्या समाजालाही कीर्तनाच्या गादीवर बाई पाहण्याची सवय व्हायला वेळ लागलाच.

पाळकपदाचा दरवाजा प्रथम उघडला तो ९ ऑगस्ट १९६४ रोजी. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथील वॉट्स स्ट्रीट बॅप्टिस्ट मंडळीने ॲडी डेव्हिस या स्त्रीला दीक्षा दिली. स्थानिक मंडळी स्वतंत्र, म्हणून कोणी थांबवू शकले नाही. पण दीक्षा मिळाली तरी नोकरी मिळेना. दक्षिणेतील एकही मंडळी तिला पाळक म्हणून घेईना. अखेर ती दूर उत्तरेला व्हर्माँटमध्ये, दुसऱ्या बॅप्टिस्ट संघटनेच्या मंडळीत गेली. कायदा झाला म्हणजे रोजी मिळते असे नाही, हे कामगारांना सांगावयास नको. तरी पुढच्या वीस वर्षांत दीक्षा घेणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत गेली.

मग उलटे वारे सुटले. ते कसे सुटले हा या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा धर्मशास्त्राशी संबंध फार थोडा आहे. बायबलाच्या निर्दोषतेवर श्रद्धा असणाऱ्या कडव्या पक्षाला वाटे की संघटनेची विद्यालये ढिली झाली आहेत. टेक्ससचे न्यायाधीश पॉल प्रेसलर आणि धर्मपंडित पेज पॅटरसन यांनी घटना बारकाईने वाचली. अध्यक्ष एक समिती नेमतो. ती समिती दुसरी समिती सुचविते. ती दुसरी समिती विद्यालयांचे आणि मंडळांचे विश्वस्त सुचविते. विश्वस्तांच्या मुदती ठराविक वर्षांच्या. तेव्हा दहा वर्षे सलग अध्यक्षपद जिंकले की सारी संस्था हाती येते. १९७९ साली ह्यूस्टन येथे त्यांच्या पक्षाचे एड्रियन रॉजर्स निवडून आले, आणि त्यानंतर हे पद त्या पक्षाने सोडले नाही. बसगाड्या भरून मेसेंजर आणले जाऊ लागले. १९८५ साली डॅलसच्या सभेला ४५,००० हून अधिक माणसे जमली. सौम्य पक्षाचे लोक सज्जन होते, विद्वान होते, आणि घटनेचे ते कलम त्यांनी वाचलेलेच नसावे असे वागत राहिले.

१९८४ साली कॅन्सस सिटी येथे ठराव झाला की स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देऊ नये. कारण दिले ते असे की पुरुष आधी निर्माण झाला आणि पतन आधी स्त्रीचे झाले. १९८७ साली टेनेसीतील मेंफिस येथे प्रेस्कॉट मेमोरियल मंडळीने नॅन्सी हेस्टिंग्ज सेहेस्टेड यांना पाळक नेमले, तेव्हा स्थानिक बॅप्टिस्ट संघाने त्या मंडळीलाच काढून टाकले. त्याच सुमारास दोन्ही पक्षांचे जाहीरनामे तयार झाले. पुरुष आणि स्त्री समान पण भूमिका निराळ्या, असे एकाचे सूत्र, आणि बायबलाधारित समता असे दुसऱ्याचे. जून २००० मध्ये ऑर्लँडो येथे संघटनेने आपल्या श्रद्धापत्रात पाळकपद पुरुषांपुरतेच असल्याचे लिहिले. त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, आयुष्यभर बॅप्टिस्ट शाळेत रविवारचे धडे देणाऱ्या त्या माणसाने, आपण या कन्व्हेन्शनशी संबंध तोडीत आहोत असे जाहीर केले. मंडळी त्यांनी सोडली नाही. तेथले धडे चालू ठेवले.

पुढे हा नियम पाळकपदाच्या बाहेरही सरकू लागला. टेक्ससमधील या संघटनेच्या एका मोठ्या विद्यालयात हिब्रू शिकविणारी एक विदुषी होती. २००२ साली नेमलेली, काम उत्तम. पण भावी पाळकांना, म्हणजे पुरुषांना, धर्मविद्यालयात स्त्रीने शिकवावे हे नव्या व्यवस्थापनास मंजूर नव्हते. तिला कायम केले नाही. ती कोर्टात गेली, आणि हा धर्मसंस्थेचा अंतर्गत प्रश्न म्हणून कोर्टाने २००८ साली हात झटकले. रमाबाईंना बिशपांनी १८८५ साली जे सांगितले, तेच हे, सव्वाशे वर्षांनी.

मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या प्रचंड मंडळीने तीन स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. ही मंडळी रिक वॉरन यांनी १९८० साली स्थापलेली, संघटनेतील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्यकारिणीने तिला आणि आणखी काही मंडळ्यांना असंलग्न ठरविले. सॅडलबॅकबरोबर केंटकीतील लुईव्हिलच्या फर्न क्रीक मंडळीने अपील केले. या दुसऱ्या मंडळीची पाळक लिंडा बार्न्स पोपॅम १९९३ पासून त्या जागेवर होती. तीस वर्षे कोणाची तक्रार नव्हती. आता ती अडचण झाली. जून २०२३ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे दोघांना सभेपुढे बोलण्यास तीन-तीन मिनिटे मिळाली. वॉरन यांनी आपले पूर्वीचे मत बदलल्याचे उघड सांगितले होते. सर्व बाबतींत एकमत हवे असे बॅप्टिस्टांनी कधीच म्हटले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतदान झाले. सॅडलबॅकला काढण्याच्या बाजूने ९,४३७, विरुद्ध १,२१२. फर्न क्रीकला काढण्याच्या बाजूने ९,७००, विरुद्ध ८०६. मोठ्या आणि प्रसिद्ध मंडळीला थोडी जास्त मते पडली, छोट्या मंडळीच्या बाईला थोडी कमी. सभागृहे जगभर सारखीच असतात.

यात एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे पाहून माझे शांतपण टिकत नाही. मे २०२२ मध्ये याच संघटनेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या पीडितांना कार्यकारिणीतील वरिष्ठांनी वर्षानुवर्षे टोलविले, आणि मंडळी स्वतंत्र आहे, आम्ही काय करणार, हे कारण सांगितले, असे त्यात निघाले. त्याच कचेरीत एक कर्मचारी आरोपींची यादी ठेवीत होता. तीत ७०३ नावे होती. म्हणजे अत्याचारी पाळकाच्या बाबतीत मंडळीचे स्वातंत्र्य आडवे येते आणि स्त्री पाळकाच्या बाबतीत ते आडवे येत नाही. पुरुषाधिकाराचे समर्थन करणाऱ्यांतही प्रामाणिक माणसे आहेत आणि त्यांतील कित्येकांनी या अहवालानंतर कडक कारवाई मागितली, हे नमूद करतो. पण नियम कोणत्या दाराशी झोपतो आणि कोणत्या दाराशी जागा असतो, हे पाहिल्याशिवाय नियमाचा अर्थ लागत नाही.

आपल्या देशात प्रोटेस्टंटांच्या एकत्रित चर्चांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१३ साली नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केले. तेथेही खेडेगावच्या मंडळ्यांत सारे सुरळीत आहे असे नव्हे. पण निदान घटनेतला शब्द मोकळा आहे.

अमेरिकेतील गोष्ट मात्र २०२३ वर थांबली नाही. व्हर्जिनियातील माइक लॉ नावाच्या पाळकाने घटनादुरुस्ती मांडली होती, की कोणत्याही प्रकारच्या पाळकपदावर फक्त पुरुष नेमणारी मंडळीच संलग्न समजावी. कोणत्याही प्रकारच्या, म्हणजे मुलांचे वर्ग पाहणारी, आजाऱ्यांना भेटणारी बाईसुद्धा पाळक म्हणवीत असेल तर मंडळी बाहेर. घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन वर्षे दोन-तृतीयांश मते लागतात. न्यू ऑर्लीन्सला ती मंजूर झाली. जून २०२४ मध्ये इंडियानापोलिसला दुसरे मतदान होते. त्याच सभेत व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाच्या फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळीला ६,७५९ विरुद्ध ५६३ मतांनी काढून टाकण्यात आले. आणि ते काढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी घटनादुरुस्ती पडली. बाजूने ५,०९९, म्हणजे शेकडा ६१ च्या थोडे वर. हवी होती शेकडा ६६ च्या वर.

हा काही हृदयपालट नव्हता. दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांतील पुष्कळांचे म्हणणे एवढेच, की आहे त्या नियमानेच मंडळ्या काढता येतात, नवे कलम कशाला. आणि कृष्णवर्णीयांच्या कित्येक मंडळ्यांत स्त्रियांना पाळक म्हणण्याची जुनी चाल आहे, त्या बाहेर जातील. जून २०२५ मध्ये डॅलसला तीच दुरुस्ती पुन्हा आली. या वेळी सभागृह लहान होते. बाजूने ३,४२१, विरुद्ध २,१९१. बहुमत पुन्हा दुरुस्तीकडे, आणि दोन-तृतीयांशाला पुन्हा तीनशेवर मते कमी.

काढलेल्या मंडळ्यांचे दरवाजे मात्र बंद झाले नाहीत. इमारत मंडळीची, बाके मंडळीची, पाळक मंडळीने निवडलेला. कन्व्हेन्शनला तेथे कुलूप लावता येत नाही. न्यू ऑर्लीन्सचे मतदान झाले त्याच आठवड्याच्या रविवारी या मंडळ्या नेहमीप्रमाणे उपासनेला बसल्या.